अपघात म्हणे!

आमच्या वसाहतीच्या फाटकाशी एक काळा फळा आहे. पाणी कोणत्या दिवशी येणार नाही, वर्गणी कोणी थकवली, असल्या मजकुराला तो एरवी वाहिलेला असतो. गेल्या श्रावणात एका सकाळी त्याच्यावर एकच ओळ होती : 'मास्तरांचे काल सायंकाळी अपघाती निधन.'

मास्तर म्हणजे आमचे शेजारी. वय चौऱ्याहत्तर. उभा जन्म त्यांनी पुण्यातल्या पोरांना मराठी व्याकरण शिकवण्यात घालवला आणि निवृत्त झाल्यावर तोच उद्योग शेजाऱ्यांवर चालू ठेवला. रोज संध्याकाळी ते दूध आणायला समोर जात. त्या दिवशीही निघाले. मध्ये दुभाजक असलेला रस्ता. ज्या बाजूने वाहने यायची ती बाजू त्यांनी नीट पाहून घेतली आणि पाऊल टाकले. ज्या बाजूने एकही वाहन यायला नको, त्या बाजूने एक मोटारसायकल आली.

फळ्यावरचे ते वाक्य मास्तरांनी स्वतः वाचले असते तर त्यांनी आम्हाला उभे करून विचारले असते, "'अपघात झाला'. सांगा पाहू, कर्ता कोण?" अपघात! व्याकरणाने उत्तर अगदी बिनचूक आहे. क्रिया घडली, आणि ती अपघातानेच केली. गाडी कोणी हाकली, उलट्या बाजूने कोणी घातली, याचा त्या वाक्यात मागमूस नाही. जसे उजाडते, सांजावते, गडगडते, तसाच अपघातही होतो. 'अमक्याने मास्तरांना ठार केले' एवढे लिहायला फळ्यावर जागा होती आणि खडूही होता. पण आमच्यापैकी एकाचाही हात तसा वळला नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही पाचपंचवीस माणसे त्यांच्या घरी बसायला गेलो. अशा बैठकीत जे बोलले जाते तेच तिथे बोलले गेले. एक म्हणाले, ज्याची त्याची वेळ असते. दुसरे म्हणाले, दूध हल्ली घरपोच मिळते, या वयात कशाला उतरायचे रस्त्यावर? तिसऱ्यांनी 'हल्लीची पोरे' हा विषय काढला आणि मग सर्वांनाच कंठ फुटला. ते पोर कोणाचे तरी जेवण पाठीवर बांधून निघाले होते. त्याचाही पाय मोडला, आणि डबे रस्त्यावर सांडले. ते जेवण कोणी मागवले होते ते मला ठाऊक नाही. पण आमच्या वसाहतीत रोज रात्री अशी दहा-वीस जेवणे येतात आणि पाच मिनिटे उशीर झाला की ती मागवणारा फोनवर त्या पोराचा उद्धार करतो, हे मात्र मी कानांनी ऐकले आहे.

मी त्या बैठकीत गप्प होतो. लोकांना वाटले, फार मनाला लागले असेल. कारण वेगळे होते. मास्तर गेले त्याच आठवड्यात, त्याच दोनशे पावलांवरून, त्याच उलट्या बाजूने मी माझी स्कूटर आणली होती. भाजीची पिशवी पुढे अडकवलेली, डोक्यावर शिरस्त्राण, त्याचा पट्टा मोकळा. पुढच्या चौकातून वळसा घेऊन यायचे तर चार मिनिटे जास्त लागतात. मी नंतर घड्याळ लावून पाहिले आहे. गेली सहा वर्षे ही चार मिनिटे मी वाचवीत आलो. त्यांचे मी काय केले, असे कोणी विचारले तर मला सांगता येणार नाही.

तेव्हा हा लेख एका सोवळ्या माणसाने लिहिला आहे असे कोणी समजू नये.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ सालचा अहवाल सांगतो की त्या एका वर्षात या देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. तासाला एकोणीस. तुम्ही हा अंक हातात घेऊन एखादी कथा वाचून संपवीपर्यंत दहा. त्यांत पायी चालणारे ३२,८२५ होते, म्हणजे दिवसाला नव्वद. आणि शंभरातले एकाहत्तर मृत्यू कशाने झाले, तर भरधाव वेगाने. आता भरधाव वेग हा काही वळवाच्या पावसासारखा अवचित येत नाही. मूठ पिळावी लागते, पाय दाबावा लागतो. एवढे सगळे आपल्या हातापायांनी करायचे आणि मागाहून आकाशाकडे बोट दाखवायचे, याला काय म्हणावे?

हा शब्दच्छल आपण एकट्यांनी शोधून काढलेला नाही. लंडनमध्ये १८९६ च्या ऑगस्टमध्ये ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची एक बाई मोटारीखाली सापडून मेली. ब्रिटनमध्ये मोटारीने मारलेली पायी चालणारी पहिली व्यक्ती म्हणून तिची नोंद आहे. पंचांनी निकाल दिला : अपघाती मृत्यू. असे पुन्हा कधी घडू नये, अशी आशा तिथल्या अधिकाऱ्याने व्यक्त केल्याचे सांगतात. बिचारा! तेव्हापासून आजवर तोच निकाल आणि तीच आशा.

पण एका देशाने हा शब्द टाकून दिला. नेदरलँड्समध्ये १९७१ साली सुमारे तेहतीसशे माणसे रस्त्यांवर मेली. त्यांत चारशेहून अधिक लहान मुले होती. त्या मुलांच्या आयाबाप रस्त्यावर उतरले आणि त्यांनी आपल्या चळवळीला नाव दिले ते असे : 'मुलांची हत्या थांबवा.' अपघात नव्हे, हत्या. कर्ता वाक्यात परत आला! मग रस्ते बदलले, वेग उतरले, सायकलींना त्यांची स्वतंत्र वाट मिळाली. आज त्या देशात वर्षाला सातशेच्या आसपास माणसे रस्त्यावर मरतात. आणि तिथला कायदा काय म्हणतो पाहा. मोटारीची सायकलस्वाराला किंवा चालणाऱ्याला धडक बसली, तर नुकसानभरपाईचा भार मुळात मोटारवाल्यावर. ती टाळणे आपल्याला अशक्यच होते, हे त्याने सिद्ध करायचे. आणि समोरचे मूल चौदा वर्षांच्या आतले असेल, तर त्या पोराची चूक होती ही सबब जवळजवळ चालतच नाही. मूल चुकणारच, हे मोटारवाल्याने गृहीत धरूनच गाडी हाकायची.

हे ऐकले की आमच्याकडचे मोटारवाले उसळतात. "वा! म्हणजे सगळी जबाबदारी आमची? चालणाऱ्यांची काहीच नाही? रस्ता सर्वांचा, तर जबाबदारीही सर्वांची!" दर जानेवारीत रस्ता सुरक्षेच्या नावाने मांडव पडतात, तिथेही याच अर्थाच्या पाट्या असतात. ऐकायला फार गोड वाटते. माझे भांडण याच गोडव्याशी आहे.

जबाबदारी सर्वांची आहे, कबूल. पण ती सर्वांची सारखी नाही. माझे वजन पासष्ट किलो. मी चालताना कोणावर आदळलो तर फार तर त्याचा चष्मा पडेल आणि माझा उद्धार होईल. दीड टनाची मोटार ताशी साठच्या वेगाने आदळली तर चष्मा शोधायला माणूस उरत नाही. वेग दुप्पट केला की आघाताची शक्ती चौपट होते, हे शाळेतल्या पदार्थविज्ञानात आपण सगळेच शिकलो, गुण मिळवले आणि विसरलो. ज्याच्या हातून जेवढा घात होऊ शकतो, तेवढे त्याने सांभाळायचे. तलवार बाळगणाऱ्याला आणि रिकाम्या हाताने चालणाऱ्याला 'दोघेही सावध राहा' असा एकच उपदेश करणारा माणूस निःपक्षपाती नसतो, तलवारवाल्याचा मिंधा असतो. आपल्या देशातही २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की, जिथे सिग्नल वा पोलीस नाही अशा पादचारी पट्ट्यांशी वाहनाने वेग कमी करायचा, थांबायचे आणि चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. हा नियम आपण किती पाळतो, ते पाहायला कोणत्याही पट्ट्यावर पाच मिनिटे उभे राहावे. जो खरोखर थांबतो, त्याच्यावर मागचे भोंगे वाजवतात.

म्हणजे चालणारे आणि सायकलवाले धुतल्या तांदळासारखे आहेत काय? मुळीच नाही. माझ्या लहानपणी पुण्यात सायकलीला नगरपालिकेचा पितळी बिल्ला लागे, आणि रात्री दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडून देई. गयावया करीत सायकल ढकलत नेलेली पोरे मी पाहिली आहेत. त्यांतला एक मीच होतो. आता सायकल सांभाळून चालवणारे थोडेच उरले, आणि त्या थोड्यांतलेही पुष्कळ जण दिव्यावाचून अंधारात शिरतात. चालणाऱ्यांचे म्हणाल, तर कानात बोंडे खुपसून, फोनच्या पडद्यात नाक घालून रस्ता ओलांडणारी ही मंडळी. पन्नास पावलांवर पट्टे असताना दुभाजकावरून लुगडे सावरीत उडी घेणाऱ्या बायका आणि त्यांच्या मागून पिशव्या झेलणारे नवरे. त्यांना रागवावेसे वाटते, आणि मी रागावतोही.

पण रागावण्याआधी फूटपाथ पाहावा. काही ठिकाणी तो पलंगाएवढा उंच आहे. मास्तरांच्या गुडघ्यांना तो चढवत नसे. जिथे चढवेल तिथे विजेची पेटी, तिच्याशेजारी चहाची टपरी, टपरीवर आलेल्यांच्या स्कूटरी. सिग्नल लागला की मागून आलेले वीर त्याच फूटपाथावर गाडी चढवून चालणाऱ्याच्या पाठीत भोंगा वाजवतात. नडल्यावाचून का कोणी मोटारींच्या धारेत उतरते? निर्वेध फूटपाथ हा नागरिकाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या मे महिन्यात सांगितले. आमच्या महापालिकेने तर २०२१ च्या डिसेंबरात लक्ष्मी रस्त्यावर 'पादचारी दिन' साजरा केला. एक दिवस मोटारी बंद, आणि माणसे मजेत रस्त्याच्या मधून चालत होती. छान झाले. पण ज्याला वर्षातला एक दिवस मिळतो, त्याचे उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत काय चालले असेल ते सांगायला नको.

आणि यातली खरी गंमत अशी, की चालणारे, सायकलवाले आणि मोटारवाले अशा तीन वेगळ्या जाती नाहीतच. तळजाईवर सकाळी फिरायला जाताना मोटारवाल्यांच्या नावाने बोटे मोडणारा गृहस्थ नऊ वाजता स्कूटरवर बसतो आणि त्याच क्षणी त्याला चालणारे लोक म्हणजे रस्त्यावर सांडलेली अडगळ वाटू लागतात. रविवारी तोच मोटारीत बसून सिंहगडाकडे निघाला, की स्कूटरवाले त्याला डासांसारखे दिसतात. वाहन बदलले की माणसाचा धर्म बदलतो, हा धर्मांतराचा प्रकार कोणत्याही कायद्याने थांबत नाही.

आम्हा पुणेकरांचा स्वाभिमान तर काय विचारावा! २०१९ च्या जानेवारीत पोलिसांनी शिरस्त्राणाची सक्ती सुरू केली, तेव्हा या शहरात मोर्चा निघाला. पगड्या घालून लोक निघाले. पगडी चालते, हेल्मेट नको! मान दुखते, ऐकू येत नाही, केस जातात, गावात वेग तो काय असतो : किती युक्तिवाद! जो तर्क आम्ही डोके उघडे ठेवण्यासाठी चालवला, त्याच्या शतांश डोके वाचवण्यासाठी चालवला असता तर बरे झाले असते. २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे मेली; त्यांत चौदा हजारांवर मागे बसलेली होती.

आणि ज्याचा उल्लेख केल्यावाचून पुण्यातल्या माणसाला या विषयावर लिहिताच येणार नाही, ती १९ मे २०२४ ची रात्र. कल्याणीनगरात एका सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या भरधाव परदेशी मोटारीने दोन तरुण अभियंत्यांना ठार केले. बालन्याय मंडळाकडून मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला, आणि अटींत एक अट अशी, की त्याने अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहावा. देशभर ओरड झाली तेव्हा तीन दिवसांत हुकूम फिरवला गेला. पण दोन जिवांना तीनशे शब्द, म्हणजे जिवाला दीडशे, हा भाव एकदा बाजारात पुकारला गेला तो गेलाच. निबंधलेखन ज्यांचा व्यवसाय आहे अशा आम्हा लोकांना तर कुठे तोंड लपवावे असे झाले. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, हे कलम २०१९ पासून कायद्यात आहे. तरी आजही कोणत्याही शिकवणीच्या वर्गाबाहेर जाऊन पाहा. पंधरा वर्षांच्या पोरांच्या स्कूटरींची रांग असते, आणि किल्ली देणारी आई 'हळू जा हं' म्हणून आपले कर्तव्य संपवते.

परवा नवरात्रात मी मास्तरांच्या घरी गेलो. वहिनींना एकदा सांगून टाकावे म्हणून गेलो होतो. पुष्कळ वेळ इकडचे तिकडचे बोललो आणि मग सांगितले, की वहिनी, त्या रस्त्याने तसा मीही येत होतो. त्या आठवड्यातसुद्धा.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या गॅलरीतून सगळा रस्ता दिसतो."

दिवेलागणीची वेळ झाली होती. त्यांनी खुंटीवरची पिशवी घेतली, पायांत चपला सरकवल्या. मला काहीतरी बोलायचे होते म्हणून म्हणालो, "वहिनी, दुधाचा रतीब लावून देऊ का? म्हणजे तुम्हाला रस्ता ओलांडायला नको."

"का म्हणून?" त्या म्हणाल्या, आणि जिना उतरू लागल्या.