संथा म्हणून दाखविणें

आमच्या मुलुंडच्या घरांत गेल्या आषाढांत अशी एक हानि झाली कीं, तिची भरपाई द्रव्यानें होण्यासारखी नाहीं. चिरंजीव पुतण्या येथील एका लहानशा ध्वनिमुद्रण-संग्रहाचे संगणक सांभाळतो. त्याच्या मातोश्री, म्हणजे आमच्या कै. थोरल्या वहिनी, यांच्या तोंडचीं मंगळागौरीचीं गाणीं त्यानें तेथेंच ठेविलीं होतीं. एके दिवशीं हार्ड डिस्क बिघडली. “काळजी नको, रोज रात्रीं दोन वाजतां यंत्र आपोआप फितीवर प्रत काढतें,” असें तो म्हणाला. फीत लावून पाहतों, तों शेवटच्या चार महिन्यांतलें कांहींच तींत नाहीं! यंत्राच्या लेखनशीर्षावर मळ बसून लिहिणें थांबलें होतें. यंत्र रोज पत्र धाडून तशी तक्रारहि करीत होतें. परंतु तीं पत्रें ज्या गृहस्थांच्या नांवें जात, ते नोकरी सोडून गेले होते. वहिनींचीं अखेरचीं सात गाणीं गेलीं.

पुतण्यास एकट्यास दोष देणें अन्यायाचें होईल. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या विख्यात कंपनींत एका कर्मचाऱ्याच्या हातून चुकून मुख्य माहितीकोश पुसला गेला. प्रती राखण्याच्या पांच योजना होत्या. पैकीं एकहि भरंवशाची ठरली नाहीं. रोजची प्रत निघतच नव्हती, आणि तशी सूचना देणारीं ई-पत्रें वाटेंतच नाकारलीं जात होतीं. सहा तासांपूर्वीं अन्य कारणानें काढलेली एक प्रत हातीं लागली म्हणून निभावलें.

यावरून फीतच टाकाऊ असें मात्र कोणी समजूं नये. फेब्रुवारी २०११ मध्यें गूगलच्या कांहीं ग्राहकांची टपालपेटी सदोष आज्ञावलीमुळें रिकामी झाली. अनेक ठिकाणच्या प्रतींसहि तोच दोष बाधला. पत्रें परत आलीं तीं फितींवरून, कारण कपाटांत अलग ठेविलेल्या फितीस संगणकाचा रोग लागत नाहीं.

फिती फिरविण्याची जुनी रीत तर एकत्र कुटुंबास साजेशीच आहे: रोजची फीत तो मुलगा, आठवड्याची तो बाप, महिन्याची तो आजा. मुलाची चूक उशिरां उमगली तरी आजापाशीं जुनें शाबूत असतें. एक संच परगांवीं असावा. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा वेळीं तळमजल्यावरील यंत्र आणि शेजारच्या कपाटांतील फीत हीं दोन्हीं एकदमच बुडावयाचीं.

एवढ्यानेंहि काम संपत नाहीं. वेदपाठशाळेंत “पाठ झालें” या शब्दावर गुरुजी विसंबत नाहींत. संथा म्हणून दाखवावी लागते. पद, क्रम, जटा, घन अशा रीतींनीं तोच मंत्र फिरवून म्हटला म्हणजे चुकीस लपावयास जागा राहत नाहीं. फितीची संथा म्हणजे तिच्यावरील मजकूर दुसऱ्या संगणकावर उतरवून मूळाशीं ताडून पाहणें. तसेंच, “बिघडलें” अशी खबर येते, यावर स्वस्थ बसूं नये. “झालें” अशी खबर रोज दोघांकडे यावी, व ती न आल्यास त्यांनीं चौकशी करावी. रात्रीं यंत्रापाशीं कोणास जागावें लागूं नये म्हणूनच हा खटाटोप; पण सकाळीं त्याची विचारपूस करणारें माणूस हवेंच.

गेलेल्या गाण्यांचे शब्द धाकट्या वन्संना आठवतील तसे आमची सूनबाई लिहून घेत आहे. वहिनींचा आवाज त्यांत नाहीं. आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं पुतण्या त्यांच्या उरलेल्या गाण्यांपैकीं एक फितीवरून घरच्या संगणकावर उतरवितो. आम्ही सर्व मंडळी तें शेवटपर्यंत ऐकतों, आणि मगच तो वहींत सही करितो.