खतासाठी मागितले, तर तो हुंडा?

मागच्या महिन्यात आमच्या भिशीला एक जण उशिरा आली. जावयाचा फोन होता. पेरणी तोंडावर आलीय, खत-बियाण्याला तीस हजार हवेत. दिवाळीत मोटारसायकल झाली, आता हे. "हुंडा थोडाच मागतायत? अडचण आहे म्हणून मागतायत," असं तीच म्हणाली आणि आम्ही माना डोलावल्या. लेकीचा आवाज बरा वाटला नाही, हे मात्र तिनं उठता उठता सांगितलं.

मैत्रिणींनो, घरी आल्यावर मला २००७ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आठवला. खटला आपल्याच महाराष्ट्रातला. सून विष पोटात जाऊन गेली होती. खालच्या कोर्टांनी हुंडाबळी धरून शिक्षा दिली. वर निकाल फिरला. घरखर्चासाठी आणि खतासाठी पैसे मागणं म्हणजे हुंडा मागणं नव्हे, असं न्यायालय म्हणालं. आरोपी सुटले. म्हणजे आम्ही भिशीत बोललो तेच की!

पुढे जानेवारी २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात याच न्यायालयानं वेगळं सांगितलं. घर बांधायला माहेरून पैसे आण म्हणणं हाही हुंडाच. ती स्वतःच माहेरी पैसे मागत होती, हे उच्च न्यायालयानं तिच्या विरुद्ध धरलं होतं. ती हतबल होती म्हणून मागत होती, हे शेवटी कुणीतरी ओळखलं.

कायदा तसा कडक आहे. १९८६ मध्ये आलेलं कलम ३०४-ब, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८०. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई भाजून किंवा संशयास्पद रीतीनं गेली आणि त्याआधी हुंड्यापायी छळ झाल्याचं दाखवता आलं, तर सासरच्यांना जबाबदार धरलं जातं. शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. तरी २०२२ या एका वर्षात देशात हुंडाबळीचे ६,४५० गुन्हे नोंदले गेले. दिवसाला सतरा-अठरा.

पण छळ दाखवायचा कसा? सासरचे बोलत नाहीत, शेजाऱ्यांना नेमकं काही ऐकू आलेलं नसतं. उरतं ते लेकीनं माहेरी सांगितलेलं. पुण्याची मंजुश्री सारडा आठवते? १९८२ मध्ये लग्न, आणि चार-पाच महिन्यांत सायनाइडनं मृत्यू. तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती. मेलेल्या बाईची अशी पत्रं पुरावा म्हणून वाचता येतात, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये मान्य केलं. पण खून की आत्महत्या, हा संशय राहिला आणि फाशीची शिक्षा झालेला नवरा सुटला. नारी समता मंचाचं ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगावी फिरलं. आज ती पत्रं नसती तर तिच्या बाजूनं बोलायला कोण होतं?

हे सगळं डोक्यात घेऊन मी परवा भिशीतल्या त्या मैत्रिणीकडे गेले. म्हटलं, पैसे दिलेस तर बँकेतून दे, नोंद राहील. आणि लेक मोबाइलवर काय लिहिते ते दाखव.

ती पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "अहो ताई, वाचते आणि लगेच पुसून टाकते. ह्यांच्या नजरेला पडलं तर बीपी वाढेल ना त्यांचं."