दहाव्या वर्षीचा पुरवठादार

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग चालविला, त्याला शतकाहून अधिक काळ लोटला. आणि ज्या गल्ल्यांतून केवळ धोट्याचा खडखडाट ऐकू येई, त्याच गल्ल्यांतून आज बेल्जियमचे रेपिअर, जपानचे एअरजेट आणि चीनहून आलेले स्वस्त माग चालताना दिसतात. हे माग आणविणारा कारखानदार बहुधा घर आणि जमीन तारण ठेवून कर्ज उभारतो, आणि त्याच्या शेडवर कितीएक कुटुंबांचा योगक्षेम अवलंबून असतो. म्हणून परदेशी पुरवठादार तो कोणत्या कसोटीवर निवडतो, या प्रश्नाची मला मनापासून काळजी वाटते.

रूढ पद्धत अशी, की दोनचार दरपत्रके मागवावीत, वेग आणि किंमत शेजारीशेजारी मांडून पाहावी, एजंटाच्या शब्दावर विसंबावे आणि बयाणा द्यावा. परंतु एअरजेट मागात बाण्याचे सूत हवेच्या झोताने वाहून नेले जाते. ती हवा कोरडी व तेलविरहित हवी, तिच्यासाठी कॉम्प्रेसर आणि ड्रायर हवा, आणि त्यांचे विजेचे बिल माग चालेल तोवर दरमहा येत राहते. मागास किती हवा लागेल, हे करारनाम्यात लेखी नमूद करावयास जो पुरवठादार कचरतो, त्याने किंमत कितीही उतरविली तरी मी त्याच्या वाटेस जाणार नाही.

पैशाच्या बाबतीत तर एक गैरसमज खोलवर रुजला आहे. एल.सी. (लेटर ऑफ क्रेडिट) उघडली म्हणजे बँक आपल्या मालाची राखण करील, असे अनेकांना वाटते. वस्तुतः २००७ पासून अमलात असलेल्या यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे बँकांचा संबंध दस्तऐवजांशी असतो, मालाशी नसतो, आणि म्हणून जहाजाची बिल्टी, बीजक व विम्याचे कागद अटींबरहुकूम असले, की पेटीत गंजके यंत्र असले तरी रक्कम चुकती होते. यास्तव माल जहाजावर चढण्यापूर्वी त्रयस्थाकडून तपासणी करवून तिचा दाखला एल.सी.च्या कागदांत अनिवार्य करावा, आणि किमतीचा दहावा हिस्सा, माग आपल्या शेडमध्ये ठरलेल्या वेगाने चालेपर्यंत, रोखून धरावा. या दोन अटी ऐकून विक्रेता काय उत्तर देतो, त्यावरून त्याची निम्मी पारख होते.

उरलेली निम्मी पारख व्हावयास वर्षे लागतात. वॉरंटी वर्षादोनवर्षांत संपते, माग मात्र पंधरावीस वर्षे चालवावयाचा असतो. आणि दहाव्या वर्षी त्याचे इलेक्ट्रॉनिक कार्ड जळाले, की ते देशातील गोदामातून दोन दिवसांत येणार की परदेशातून दीड महिन्याने, यावर सारे ठरते, कारण तोवर बीम चढविलेला माग बंद राहतो, विणणाऱ्याची मजुरी बुडते आणि बँकेचा हप्ता थांबत नाही. स्वित्झर्लंडच्या सुल्झरचे माग एके काळी जगात नावाजलेले होते, तरी २००१ साली तो विभाग एका इटालियन कंपनीकडे गेला. निर्मात्याची मालकीही पालटू शकते हे ज्याने ध्यानात घेतले, तो सुटे भाग किती वर्षे पुरविणार याचे वचन सहीनिशी मागतो.

दर चार वर्षांनी युरोपात भरणारे आयटीएमए हे वस्त्रयंत्रांचे प्रदर्शन कारखानदाराने अवश्य पाहावे. परंतु सही करण्यापूर्वी, त्याच पुरवठादाराचे आठदहा वर्षे राबलेले माग जेथे असतील त्या शेडमध्ये जावे, आणि मालकाआधी जॉबरशी, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराशी, बोलावे. आपण घेतलेला निर्णय योग्य ठरावा असे मालकाला वाटणे स्वाभाविक आहे. कोणता भाग किती वेळा तुटला, कंपनीचा इंजिनिअर किती दिवसांनी आला, सॉफ्टवेअरचा पासवर्ड त्याने दिला की स्वतःकडेच ठेवला, हे जॉबरला तोंडपाठ असते.

असे बहुमोल ज्ञान आज शेडशेडमध्ये विखुरलेले पडून आहे. इचलकरंजी, भिवंडी व सोलापूर येथील यंत्रमागधारकांच्या संघटनांनी एक सामाईक नोंदवही ठेवावी, आणि बयाणा देण्यापूर्वी ती प्रत्येक सभासदाला पाहावयास मिळावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तीत पुरवठादाराचे नाव, भाग मागविल्याची तारीख, तो पोहोचल्याची तारीख आणि खाली जॉबरची सही, एवढे असले तरी पुरे.