नवीन संचात?

आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत एक प्रामाणिक शब्द असतो - 'नवीन संचात'. मूळ नट नाहीत हे तिकीट काढण्याआधीच कळतं. पटलं तर जावं, नाहीतर घरी बसावं.

आजचा विषय मात्र सदर्न रॉक! मंडळी, हसू नका. आमचे चिरंजीव जॉर्जियात शिकायला होते, त्यांनी आणलेल्या कॅसेट्समुळे या मराठीच्या मास्तरला हा नाद लागला. ब्लूज, कंट्री आणि रॉक यांची ही मिसळ. त्यातली गिटारची जुगलबंदी ऐकताना भाषा आड येत नाही.

काही वर्षांपूर्वी अटलांटाला मुलाकडे गेलो असताना माझ्या एका लाडक्या बँडचा कार्यक्रम ऐकला. नाव सांगत नाही. जुन्या माणसांपैकी एकच उरला होता. त्याचं काही नाही. पण ज्या गिटारवादनासाठी गेलो ते दोन मिनिटांत उरकलं. आवाज इतका की शब्द कळेनात. मध्येमध्ये टोप्या आणि टीशर्ट घ्या म्हणून आग्रह. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, वय झालंय त्यांचं, सोडून द्या."

हेच मला पटत नाही. दोष वयाचा नाही, नव्या माणसांचाही नाही. ऑलमन ब्रदर्स बँड बघा. ड्वेन ऑलमन १९७१ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी बेरी ओकलीही तसाच गेला. तरी पुढे वॉरन हेन्स, डेरेक ट्रक्स असे नवे वादक आले, आणि त्यांनी जुनी गाणी नव्याने फुलवली. २८ ऑक्टोबर २०१४ ला न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये शेवटचा कार्यक्रम करून ते थांबले. थांबणं हीसुद्धा कलाच की!

लेनर्ड स्किनर्डची गोष्ट वेगळी. (हे नाव शाळेतल्या पीटीच्या सरांवरून घेतलेलं, मुलांच्या लांब केसांवर त्यांचा राग होता!) १९७७ च्या विमान अपघातात गायक रॉनी व्हॅन झँट गेला. १९८७ मध्ये धाकटा भाऊ जॉनी त्याच्या जागी उभा राहिला. २०२३ मध्ये गॅरी रॉसिंग्टन गेला, संस्थापकांपैकी शेवटचा. तरी कार्यक्रम चालू राहिले. काहींना हे खटकतं. मला विचाराल तर, खुशाल चालू ठेवा, फक्त जाहिरातीत 'नवीन संचात' लिहा, आणि मन लावून वाजवा.

थोडा दोष आपलाही आहे. ओळखीच्या गाण्याचे पहिले तीन सूर आले की आपण टाळ्या वाजवतो. मग पुढचं कोण कशाला नीट वाजवील?

तीस वर्षं मी तेच धडे शिकवले. कंटाळा यायचा, नाही कसा? पण समोरची मुलं तो धडा पहिल्यांदाच ऐकत असायची, हे विसरून चालत नसे. त्या रात्री मैदानावर माझ्यासारखे कितीतरी जण पहिल्यांदाच आणि बहुधा शेवटचंच ऐकायला आले होते. तेवढं त्या मंडळींनी लक्षात ठेवायला हवं होतं.

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.