उचलता येईल एवढीच सतरंजी



सध्या कुणाच्याही नव्या फ्लॅटच्या वास्तूला गेले की चपला काढल्यावर पाय कुठे ठेवायचा हाच पहिला प्रश्न पडतो. सोफ्यापुढे एक छोटा गालिचा, पलंगाच्या पायथ्याशी एक, बाल्कनीच्या दाराशी एक. सगळे मुद्दाम विटके, जुने दिसणारे. ‘व्हिंटेज आहे, काकू,’ असे घरची सून कौतुकाने सांगते. मला त्यात नाक मुरडण्यासारखे काही दिसत नाही. मध्यंतरी दिवाणखान्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कार्पेट चिकटवायची टूम होती, तिच्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे. माझे म्हणणे एवढेच की हा जुना, लहान गालिचा बाजारातून आणायच्या आधी आपली लोखंडी ट्रंक उघडा. तिच्यात तो बहुतेक घडी करून ठेवलेला असतो. आपण त्याला सतरंजी म्हणतो, म्हणून तो ओळखू येत नाही.

आठवून बघा, आपल्याकडे अंथरायच्या वस्तूंना किती नावे होती! कार्यात खोलीभर पसरायचे ते जाजम. पंगतीला लांबच लांब अंथरायच्या त्या पट्ट्या. एकट्याने बसायचे ते बस्कर. आणि रोजची, कुणी आले की पटकन टाकायची ती सतरंजी. आपल्या वऱ्हाडात अकोटच्या सतरंज्यांचे नाव होते, अजूनही आहे. पायाखाली कापूस पिकणारा मुलुख, मग सतरंजी सुताचीच असणार. ताणा आडव्या मागावर ताणून बसवायचा, रंगीत बाणा हातानेच घालायचा आणि लोखंडी पंजाने ठोकून ठोकून घट्ट बसवायचा. गालिच्यासारखी केसाळ लव तिला नसते. दोन्ही बाजू सारख्याच, त्यामुळे एक बाजू विटली तर उलटी घाला. माझ्या सासूबाईंच्या लग्नात आलेली निळ्या-लाल पट्ट्यांची सतरंजी आमच्याकडे आहे. तिचा निळा रंग आता धुतलेल्या आकाशासारखा झाला आहे. हाच फिका रंग आणायला नवे गालिचे रसायनांनी धुतात, उन्हात टाकतात आणि वर जास्तीचे पैसे घेतात. आपल्याकडे तो आयता आहे आणि आपण भांडीवालीला एका स्टीलच्या पातेल्यावर देऊन मोकळ्या होतो.

आता लहानच का, ते सांगते. मुनींच्या पाच समितींमधली आदान-निक्षेपण समिती आपण पाठशाळेत पाठ केली आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना आधी नीट बघायचे, मग उचलायचे, मग ठेवायचे. आपण गृहस्थ, तेवढे आपल्याच्याने होत नाही, पण घर आवरताना ती दृष्टी थोडी तरी असायला हवी. मोठा गालिचा एकदा अंथरला की दिवाळीपर्यंत कुणी उचलत नाही. वर सेंटर टेबल, सोफ्याचे दोन पाय. खाली काय काय जन्मते आणि काय काय चिरडते ते कुणी पाहिले? बस्कर मात्र एका हाताने उचलता येते, गॅलरीत नेऊन हलकेच झटकता येते आणि खालची फरशी रोज डोळ्यांखालून जाते. माझा नियम साधा आहे. घरातल्या एकट्या बाईला, कुणालाही हाक न मारता, रोज उचलता येईल त्याहून मोठे काही अंथरायचे नाही.

तसे जगातला सर्वांत जुना म्हणून सांगतात तो गालिचाही लहानच आहे. सायबेरियातल्या अल्ताई डोंगरात एका सरदाराच्या थडग्यात तो बर्फात गोठून राहिला होता. रशियन संशोधक रुडेन्को यांना तो १९४९ मध्ये सापडला. वय सुमारे चोवीसशे वर्षे, आणि आकार जेमतेम दोन मीटर बाय एक मीटर ऐंशी सेंटिमीटर, म्हणजे आपल्या डबलबेडएवढा. घोड्यांवर संसार लादून फिरणाऱ्या माणसांच्या थडग्यातला तो, गुंडाळून नेता येईल एवढाच.

लोकरीच्या आणि रेशमी गालिच्यांबद्दल मी स्पष्टच लिहिते, राग मानू नका. रेशमाबद्दल तर आपल्यात दुमत नसावे. कोशातल्या जिवासकट कोश उकळल्याशिवाय तो लांब, अखंड धागा निघत नाही. रेशमी साडी सोडलेल्या कितीतरी जणी आपल्यात आहेत. मग तेच रेशीम गालिच्यातून पायाखाली कसे चालेल? लोकरीचे तसे नाही. आपल्या श्वेतांबर मैत्रिणींचे सामायिकाचे कटासणे लोकरीचेच असते. आपल्याकडे मुनींना गवताची चटई आणि लाकडी पाट. दोन्ही परंपरा आपापल्या जागी आहेत, त्यात मी पडत नाही. माझी अडचण आहे ती रंगाची. जुन्या लोकरी गालिच्यांतला तो गडद, डाळिंबी लाल पुष्कळदा किड्यांपासून काढलेला असतो, आपल्याकडे लाखेच्या किड्यापासून आणि परदेशी गालिच्यांत कोचिनीलपासून. झाडाच्या मुळीचा लालही असतो. वऱ्हाडात पूर्वी आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांतून लाल रंग काढत. १८६९ मध्ये युरोपात अलिझरिन हा कारखान्यातला लाल रंग निघाला आणि पुढे आलाची शेतीच बसली. पण हा लाल किड्याचा की मुळीचा, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. विकणारा तर मुळीचाच म्हणणार.

यावर माझ्या एका भाचीने फार चांगला मुद्दा काढला. ती म्हणाली, ‘मावशी, गालिचा शंभर वर्षांचा असेल तर ते जीव केव्हाच गेले. मी घेतला म्हणून नवा जीव थोडाच जातो?’ हिशेब बरोबर आहे. पण बाजारात शंभर वर्षांचे गालिचे असतात किती? मागणी वाढली की नवेच जुने करून येतात. आणि बारीक गाठींच्या गालिच्यांमागे लहान मुलांची बोटे होती, हेही विसरून चालत नाही. मुलांच्या हातून विणलेला नाही हे ओळखता यावे म्हणून कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये ‘रगमार्क’ हे चिन्ह सुरू झाले. त्याआधीच्या गालिच्यावर कुणाचे चिन्ह शोधणार? हिंसा फक्त किड्याचीच मोजायची असे कुठे आहे? भाची गप्प बसली नाही, आमचा वाद अजून चालू आहे, पण तिने गालिचा घेण्याऐवजी माझ्याकडून दोन बस्करे नेली.

लोकर नको म्हणण्याचे आणखी एक घरगुती कारण म्हणजे कसर. तिची अळी लोकर, रेशीम, केस, पिसे यांवर जगते. स्वच्छ, कोरड्या सुतात तिला खायला काही मिळत नाही. सुताला खळ किंवा अन्नाचे डाग असतील तरच दुसरे किडे येतात. एकदा लोकरीत कसर झाली की मग डांबराच्या गोळ्या आल्या. त्या गोळ्या बंद ट्रंकेत अळ्या मारतात. आपण ‘सुवास येतो’ म्हणून टाकतो, पण काम मारण्याचेच आहे. शिवाय ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी हे विकर कमी असते, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेने फुटून कावीळ होऊ शकते. अशा गोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यात बाळ गुंडाळू नका, हे डॉक्टरही सांगतात.

म्हणून ऊन आधी दाखवायचे. धान्याला कीड लागण्याआधी ऊन देतो, लागल्यावर नाही, तेच इथे. वैशाखातले आपले नागपूरचे ऊन कशाला आहे मग! सतरंजी स्वच्छ असताना, जीव पडण्याआधी, दोन दिवस गच्चीवर वाळवा, पूर्ण गार होऊ द्या, जुन्या धुतलेल्या धोतरात बांधून ठेवा. घडीत वेखंडाचे तुकडे किंवा सुकलेला कडुलिंब. आणि काही जीव दिसलाच तर ती सतरंजी उन्हात फेकायची नाही. सावलीत नेऊन मऊ कुंच्याने हळूच बाजूला सारायचे. व्हॅक्यूम क्लीनर तर नकोच, सुती सतरंजीला त्याची गरजही नाही.

आता सजावटीचे. मोठे जाजम फाटले असेल तर टाकू नका. जो भाग धड आहे तिथे कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आधी मशीनवर दोन-दोन टिपा मारा आणि मगच मधून कापा. आधी कापले तर ताणा सुटतो आणि सगळे उसवत जाते. कडेला जुन्या सुती लुगड्याच्या काठाचा गोट लावा. एका जाजमातून सहा-सात बस्करे निघतात. मी त्यातले एक बंगईवर घातले आहे आणि आमच्या घरात सगळ्यात जास्त कौतुक त्याचेच होते. ट्रंकेवर घातले की ट्रंकेचे बाकडे होते. दोन बस्करे शिवून लोडाला अभ्रा होतो. बारीक पट्टी उरली तर जेवणाच्या टेबलावर मधोमध छान दिसते, आणि ती पंगतीची पट्टी असेल तर तिचे जुने कामच तिला परत मिळाले.

भिंतीवर लावायची असेल तर खिळे ठोकू नका, भार एकाच जागी येऊन सूत फाटते. मागून वरच्या कडेला कापडाचा नेफा शिवा आणि त्यातून पडद्याचा दांडा घाला. भिंतीवर काय आणि पायाखाली काय, यात मी एक भेद करते. स्वस्तिक, कलश, मोर, हत्ती, कोणतेही अक्षर किंवा नाव विणलेले असेल तर ते भिंतीवरच. त्यावर पाय देववत नाही. नुसत्या पट्ट्या आणि चौकडा खाली.

गालिच्यावर गालिचा तिरका टाकायची जी नवी पद्धत मासिकांत दिसते, ती आपल्या घरांसाठी नाही. त्याने काठ दुमडतो आणि माणूस अडखळतो. घरात साठीच्या पुढचे कुणी असेल तर पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर एकही सतरंजी नको, कितीही सुंदर असली तरी. व्हिट्रिफाईड टाइल्सवर सुती सतरंजी साबणासारखी सरकते. बाकी ठिकाणी खाली रबराची जाळी घाला, तीही धुवायला निघेल अशी.

आणि मोजून ठेवा. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रह-परिमाणाचे अतिचार येतात, त्यात ‘कुप्य’ हा शब्द आहे. टीकाकार त्यात सुती-रेशमी वस्त्रेही धरतात. म्हणजे आपल्या सतरंज्याही आल्याच. मी आठ ठरवल्या आहेत. नववी आली की एक कुणाला तरी द्यायची. आषाढी चतुर्दशीला चातुर्मास बसला की बंगईवरची सोडून सगळ्या वर जातात. ओल्या हवेत त्यांना उघडे ठेवणे म्हणजे जिवांना आमंत्रण. फरशी चार महिने मोकळी राहते आणि खरे सांगू, घर तेव्हाच मला जास्त आवडते.

एका गोष्टीवर मात्र बोलावेच लागेल. आमच्या ओळखीच्या एका मंदिरजीत खुर्च्या आल्या आणि जुन्या सतरंज्यांचा ढीग कोठीत पडला. काठावर देणाऱ्यांची नावे विणलेली, ‘यांचे स्मरणार्थ’ अशी अक्षरे, काहींवर वीरसंवत. आता त्या भंगारात काढायचे घाटते आहे आणि आपल्यातल्याच काही जणी म्हणतात, ‘भंगारवाल्याला कशाला, आम्हीच पैसे भरून नेतो, दिवाणखान्यात किती छान दिसतील!’ मला हे पटत नाही. मंदिराला दिलेली वस्तू आपल्या शोभेसाठी घरी आणायची नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पावती फाडली म्हणून ते बदलत नाही. ज्या आजीने काटकसर करून ती सतरंजी दिली, तिने ती स्वाध्यायाला बसणाऱ्यांसाठी दिली होती, कुणाच्या टीव्हीखाली लावायला नाही.

पण भंगारही नको. ज्या धड आहेत त्या पाठशाळेच्या मुलांना बसायला द्याव्यात, मुले अजून जमिनीवरच बसतात. ज्या फाटल्या आहेत त्यांचा नावाचा काठ तेवढा टीप मारून कापून घ्यावा आणि स्वाध्याय कक्षाच्या भिंतीवर एकाखाली एक लावावा. त्यातली बहुतेक नावे बायकांची आहेत, आणि मंदिराच्या संगमरवरी पाट्यांवर त्यांतले एकही नाव मला सापडले नाही. दशलक्षणच्या आधी कोठी आवरायला काढणार आहेत. शिलाई मशीन माझे आहे, अजून दोघी-तिघी आल्या तर दोन दुपारींत होईल.