सात टक्क्यांचं खूळ

मुलाखतीच्या तयारीचा वर्ग असो, शिक्षकांचं प्रशिक्षण असो की विमा एजंटांचा मेळावा, पडद्यावर एक रंगीत वर्तुळ हटकून झळकतं: संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. समोरची मंडळी ते निमूट वहीत उतरवून घेतात. हा आकडा ज्या अर्थानं सांगितला जातो, त्या अर्थानं तो साफ खोटा आहे.

तो आला कुठून? लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांनी सहकाऱ्यांसह केलेले दोन प्रयोग १९६७ साली प्रसिद्ध झाले. एकात काही सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते. दुसऱ्यात ‘कदाचित’ या अर्थाचा एकच शब्द ध्वनिमुद्रित आवाजात आणि सोबत चेहऱ्यांची छायाचित्रं. बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याविषयी आवड आहे की नावड, एवढंच ओळखायचं होतं. दोन्हींचे निष्कर्ष जोडून हे सूत्र बसवलं गेलं. त्यात एकही पुरतं वाक्य नव्हतं, हातवारे नव्हते, उभं राहण्याची ढब नव्हती. बोलणारा स्वतःच्या भावना किंवा आवडनिवड सांगत नसेल, तर हे सूत्र लागू होत नाही, असा खुलासा खुद्द मेहराबियन यांनीच केला आहे. तो मात्र कुठल्याच पडद्यावर दिसत नाही.

यावर म्हणतात, आकडा सोडा, तात्पर्य तर खरं ना? तेही नाही. आकाशवाणीच्या बातम्यांना चेहरा नसतो, तरी धरणातून पाणी सोडल्याची सूचना नदीकाठच्या गावाला नेमकी कळते. ‘अर्धी गोळी, एक दिवसाआड, जेवणाआधी’ हे कुठल्या हातवाऱ्यानं सांगणार?

आणि या खुळाची किंमत कोण मोजतं? परभणीकडच्या एखाद्या खेड्यातून पुण्यात मुलाखतीला आलेला मुलगा. मोठ्यांसमोर नजर खाली ठेवायची, हे त्याच्या घरचं वळण. ठिबकचा दाब शेवटच्या ओळीपर्यंत का पोचत नाही, हे तो मुद्देसूद सांगतो, पण समोरच्या कागदावर शेरा पडतो: आत्मविश्वास कमी, काहीतरी लपवतोय. नजर चुकवणारा खोटं बोलतो, ही समजूत जगभर आहे. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो यांनी २००६ साली खोटं ओळखण्यावरच्या शेकडो अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला. खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरली. नाणं उडवलं तरी ५० टक्के हाती लागतात! एवढ्याशा भरवशावर कोणाची नोकरी हुकवायची?

म्हणून सूर आणि चेहरा बिनमहत्त्वाचे, असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांचं काम वेगळं आहे आणि ते मोठं आहे. भारतीय वंशाच्या मानसशास्त्रज्ञ नलिनी अंबाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शल्यचिकित्सकांच्या रुग्णांशी झालेल्या बोलण्याचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे घेतले. शब्द कळू नयेत, नुसता सूर उरावा, अशा रीतीनं ते गाळून लोकांना ऐकवले. ज्यांच्या सुरात हुकमत जास्त आणि आस्था कमी वाटली, त्यांच्यात पूर्वी हलगर्जीचे दावे झालेले डॉक्टर अधिक निघाले. समोरचा आपल्याला माणूस म्हणून मोजतो की नाही, हे सूर सांगतो. ते कळल्याशिवाय पेशंट मनातली शंका बोलून दाखवत नाही. पण शंका विचारल्यावर उत्तर द्यायला शब्दच लागतात, आणि ते नेमके लागतात.

प्रशिक्षणाचे तास हस्तांदोलनावर आणि हसऱ्या चेहऱ्यावर खर्ची पडतात. त्यातले निम्मे तरी आडवळणाचं वाक्य सरळ करायला द्यावेत. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी संगणकाच्या पडद्यावरची नजर काढून आजींकडे बघावं, आवाज खाली आणावा, गोळीची वेळ साध्या मराठीत सांगावी, आणि आजी उठण्याआधी विचारावं, ‘‘आजी, आता तुम्ही मला सांगा बघू, ही गोळी कधी घ्यायची?’’