चार वाक्यांचा युक्तिवाद

कात्रजच्या डोंगरातून आंबिल ओढा तलावात उतरतो आणि दक्षिण पुण्यातून वाट काढीत मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याने काठावर हाहाकार माजविला. २४ जून २०२१ रोजी, ऐन पावसाळ्यात, दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत बुलडोझर शिरला. न्यायालयाची स्थगिती येईपर्यंत कित्येक संसार उघड्यावर पडले होते. ओढ्याकाठच्या माणसाने न्यायासनासमोर नेमके म्हणावे तरी काय?

मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या वतीने ते सांगून झालेले आहे. घटनेचे एकविसावे कलम जीविताचे रक्षण करते. उपजीविकेवाचून जीवित नाही. गरिबाला काम असेल त्याच्या आसपासच आसरा शोधावा लागतो. तो आसरा मोडला की उपजीविका मोडते. बस्स, एवढेच! धुणीभांडी करणाऱ्या बाईलाही सहज पटावा असा हा युक्तिवाद सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी ओल्गा टेलिस खटल्यात उचलून धरला. रस्ता अडविण्याचा मूलभूत हक्क कोणालाच नाही, असे प्रतिपक्षाचे म्हणणे. ते खरेच आहे. परंतु माणसाला हटविण्याची रीत न्याय्य असली पाहिजे, हेही तितकेच खरे. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याचे ३१४ वे कलम नोटिशीवाचून अतिक्रमण काढू देते. न्यायालयाने त्याचा अर्थ असा लावला की नोटीस हा नियम आणि तिचा अभाव हा अपवाद.

अर्जदारांना तत्त्व मिळाले, फुटपाथ मिळाला नाही. ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, त्यांना हलवू नये, इतकीच मुदत पदरी पडली. म्हणून काही मित्र हा निकाल पराभवाच्या खात्यात मांडतात. आम्हांस ते मान्य नाही. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने पाडापाडीपूर्वी पंधरा दिवसांची नोटीस सक्तीची केली खरी, पण रस्ते, फुटपाथ, नद्या व जलाशय यांवरील बांधकामे त्यातून वगळली. ओढ्याच्या पात्रातल्या झोपडीला तो निकाल कितपत तारील? तिचा भरवसा १९८५ च्या त्या चार वाक्यांवरच.

पूर खोटा होता, असे मात्र कोणी म्हणू नये. धोका कबूल करूनच, कामापासून दूर फेकू नका, हे मागता येते. चळवळीच्या अर्जांत पुष्कळदा भांडवलशाहीची मीमांसा पहिल्या पानावर असते आणि नोटिशीची तारीख परिशिष्टात! क्रम उलटावा. कुटुंब कधीपासून राहते, कोण कोठे कामाला जाते, नोटीस कोणत्या तारखेस कोणाच्या हाती पडली, हे आधी यावे. त्याचे कागद मे अखेरीस वकिलाच्या हाती असले पाहिजेत.